विल्सेडे वाडीचे चार नकाशे : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

आजपासून काम रीतसर सुरू केले आहे. हॅम्बर्गच्या दक्षिणेला पसरलेल्या ल्युनेबुर्गर हाइडे या माळप्रदेशात विल्सेडे नावाची एक छोटी वाडी आहे. वाडी हा शब्द मी विचार करून वापरते आहे, कारण गाव म्हणावे इतकी घरे तिथे नाहीत. कायम राहणारी माणसे पन्नासच्या आतच आहेत, वाडीला स्वतःचे चर्च नाही आणि तिचा कारभार बिस्पिंगेनच्या नगरपालिकेकडून चालतो. दरवर्षी ऑगस्टमध्ये माळावर जांभळा फुलोरा येतो तेव्हा हॅम्बर्ग परिसरातली अनेक मराठी कुटुंबे तिथे फिरायला जातात. फुले पाहून परतणाऱ्या या मंडळींच्या हाती वाडीचा आणि तिच्याभोवतालच्या जमिनीचा इतिहास सांगणारी मराठी नकाशा-पुस्तिका द्यावी, असे माझ्या मनात बरेच दिवस होते.

योजना साधी आहे. वाडी मध्यभागी धरून प्रत्येक बाजूला चार किलोमीटर असा एक चौकोन घ्यायचा आणि त्या एकाच चौकोनाचे चार काळांतले चार नकाशे समोरासमोर छापायचे. पहिला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, दुसरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, तिसरा विसाव्या शतकाच्या मध्याचा आणि चौथा आजचा. प्रत्येक नकाशाखाली जमिनीच्या वापराचे रंग असतील. सूचीच्या पहिल्या खर्ड्यात मी तीनच प्रकार लिहिले आहेत : शेती, जंगल आणि पडीक माळ.

१८ फेब्रुवारी

भूरचनेची टिपणे पूर्ण केली. इथे डोंगर म्हणावे असे काही नाही, तरीही वाडीच्या वायव्येला असलेली विल्सेडर बेर्ग ही टेकडी १६९ मीटर उंचीची असून संपूर्ण ल्युनेबुर्गर हाइडेमधले सर्वोच्च ठिकाण आहे. सपाट उत्तर जर्मनीत एवढ्या उंचीवरूनही दृष्टी फार लांब जाते आणि हवा स्वच्छ असेल तर हॅम्बर्गचे मनोरे दिसतात. एल्बे आणि वेझर या दोन नद्यांचा जलविभाजक याच टेकडीवरून जातो. सेवे आणि एस्टे या छोट्या नद्या उत्तरेकडे एल्बेला मिळतात, तर व्युमे पश्चिमेकडे वाहत अखेरीस वेझरच्या पाण्यात जाते.

टेकडी खडकाची नाही. ‘झाले’ (Saale) नावाच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या हिमस्तराने आपल्या पुढ्यात ढकलत आणलेली वाळू, खडी, चिकणमाती आणि शिळा जिथे टाकली, तिथे हा हिमोढ तयार झाला. वाडीजवळच्या श्टाइनग्रुंड या खोलगट भागात आजही लहानमोठे धोंडे विखुरलेले दिसतात. ते मूळचे स्कँडिनेव्हियातले; बर्फाने त्यांना इथवर आणून सोडले. त्यानंतरच्या हिमयुगात बर्फ या भागापर्यंत पोहोचला नाही, पण गोठलेल्या जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याने उतार कोरले आणि आज कोरड्या दिसणाऱ्या दऱ्या निर्माण केल्या.

पुस्तिकेसाठी यातले एकच सूत्र महत्त्वाचे आहे, ते म्हणजे वाळू. वाळूत पाणी थांबत नाही आणि पाण्याबरोबर झाडाला लागणारे क्षारही खाली निघून जातात. वाडीच्या इतिहासातल्या बहुतेक गोष्टी या निचऱ्याशी बांधलेल्या आहेत.

२ मार्च

पहिली पाहणी. उंडेलो गावात गाडी ठेवून विल्सेडेपर्यंत चालत गेले, कारण वाडीत बाहेरच्या मोटारींना प्रवेश नाही. पाहुण्याने पायी, सायकलने किंवा घोडागाडीने यावे असा नियम आहे. फुलांचा हंगाम नसल्याने वाटेवर मोजकीच माणसे होती. कालुना, म्हणजे ज्याला इथे नुसतेच हाइडे म्हणतात ते गुडघाभर उंचीचे झुडूप, या दिवसांत तपकिरी आणि वाळल्यासारखे दिसते. मधूनमधून जुनिपरची उभी, गडद हिरवी झाडे होती. धुक्यात लांबून पाहिले तर माणसे उभी असल्याचा भास होतो.

वाडी प्रथम दिसते ती झाडांच्या रूपाने. उघड्या माळावर एकाएकी जुन्या ओक वृक्षांचा दाट पुंजका येतो आणि त्याच्या आत घरे असतात. ही झाडी शोभेची नव्हती. ओक वादळ अडवत असे, शाकारलेल्या छपरांवर लांबून उडत येणारी ठिणगी अडवत असे, त्याच्या फळांवर डुकरे पोसली जात आणि घर पुन्हा बांधायची वेळ आली तर लाकूड अंगणातच उभे असे. घरांभोवतीची कुंपणे शेतातून वेचून काढलेल्या धोंड्यांची आहेत आणि त्यांवर शेवाळाची जाड गादी बसली आहे. काही ठिकाणी फाडलेल्या ओकच्या ओंडक्यांचे कुंपण दिसले.

घरांपासून अंतर राखून मेंढवाडे उभे आहेत. त्यांचे शाकारलेले छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेले असते, त्यामुळे लांबून भिंत दिसतच नाही. सध्या कोकरांचा मोसम आहे. हाइडश्नुके ही इथली स्थानिक मेंढी करड्या रंगाची, काळ्या तोंडाची आणि लहान चणीची असते. नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात. कोकरे मात्र पूर्ण काळी जन्मतात आणि त्यांचा रंग पुढे बदलतो. एका मेंढवाड्याशी अर्धा तास थांबले आणि उरलेल्या पाहणीचा वेळ त्यातच गेला, याचे मला वाईट वाटले नाही.

९ मार्च

पहिल्या नकाशाचे काम अडले. अठराव्या शतकासाठी मी हानोफरच्या राज्याच्या लष्करी अभियंत्यांनी १७६४ ते १७८६ या काळात केलेल्या सर्वेक्षणाचे पत्रक घेतले आहे. हातांनी रंगवलेली ही पत्रके अतिशय देखणी आहेत, परंतु ती आजच्या नकाशावर बसवताना दोन्हींत समान असे स्थिर बिंदू लागतात आणि एरवी त्यासाठी सोयीचा असणारा चर्चचा मनोरा आपल्या चौकोनात नाही. शेवटी टेकडीचा माथा, काही जुन्या वाटांचे तिठे आणि ओढ्यांची वळणे धरून पत्रक बसवले. कडेला अजूनही चूक राहते आहे. पुस्तिकेत ती स्पष्टपणे नोंदवीन, ओढून ताणून जुळवणार नाही.

याच टेकडीने पुढच्या पिढीत मोजणीचे मोठे काम केले. गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२० च्या दशकात हानोफर राज्याचे त्रिकोणीकरण, म्हणजे दूरदूरचे बिंदू त्रिकोणांनी जोडून जमिनीची मोजणी, केले तेव्हा विल्सेडर बेर्ग हा त्यांच्या त्रिकोणजाळ्यातला एक बिंदू होता. सूर्यकिरण आरशाने परावर्तित करून दूरच्या निरीक्षकाला खूण देणारे हेलिओट्रोप हे उपकरण त्यांनी १८२१ मध्ये याच कामासाठी तयार केले होते. सपाट आणि झाडीच्या प्रदेशात दृष्टिरेषा मोकळ्या मिळणे ही त्यांची सततची अडचण होती. विल्सेडेभोवतीचा माळ त्या काळी उघडा होता, म्हणून इथल्या माथ्याचे मोल अधिक.

२३ मार्च

जुन्या पत्रकावरची क्षेत्रे मोजून झाली आणि जे दिसले त्याने मला दोन दिवस अस्वस्थ केले. चौकोनाचा फार मोठा भाग माळ आहे. शेती म्हणून रंगवलेले तुकडे वाडीला चिकटून आहेत आणि ते इतके लहान आहेत की, एवढ्याशा जमिनीवर ही कुटुंबे कशी जगली, असा प्रश्न कोणालाही पडावा. भोवती मैलोगणती जागा मोकळी असताना त्यांनी शेत का वाढवले नाही?

उत्तर मातीत आहे. या वाळूत पीक घेतले की, तिच्यातला थोडाफार कस लगेच संपतो. तो दरवर्षी बाहेरून आणून घालावा लागतो आणि रासायनिक खताआधीच्या काळात तो आणण्याची जागा एकच होती, ती म्हणजे माळ. शेतकरी रुंद पात्याच्या जड कुदळीने कालुनाचे झुडूप त्याच्या मुळांसह आणि खालच्या काळ्या मातीच्या पातळ थरासह कापून काढत. या ढपल्यांना प्लाग्गेन म्हणतात. ढपले गाडीत भरून वाडीवर आणायचे आणि गोठ्यात, मेंढवाड्यात जनावरांखाली अंथरायचे. दिवसभर माळावर चरलेल्या मेंढ्या रात्री त्यावर बसत, त्यांचे लेंडीमूत त्यात मुरे, पुन्हा वर ढपल्यांचा नवा थर पडे आणि अखेरीस हे सगळे कुजलेले मिश्रण शेतात जाई. त्या बळावर त्याच जमिनीत वर्षामागून वर्षे राय हे धान्य घेता येत असे. जोडीला कुट्टू पेरला जाई. कोकणात राब भाजण्यासाठी डोंगरावरचा पालापाचोळा भाताच्या रोपांच्या एका छोट्या वाफ्यावर गोळा करतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गणित चटकन समजेल : मोठ्या क्षेत्राचा कस उचलून लहान क्षेत्रावर आणायचा.

फरक इतकाच की, इथे उचलला जात होता तो झाडाचा पाला नव्हे, जमिनीची कातडीच होती. सोललेल्या जागी पांढरी वाळू उघडी पडे. तिथे कालुना पुन्हा रुजून कापण्याजोगी व्हायला एक दशकाहून अधिक काळ लागत असे, म्हणून शेताच्या प्रत्येक पट्टीमागे तिच्या अनेक पटींनी माळ राखावा लागे. ढपले कापणे हे शेतीतल्या सर्वांत कष्टाच्या कामांपैकी मानले जाई. वाडीचे शेत आणखी वाढवले असते तर त्याला पुरेल एवढे खत तयार करायला माळ, मेंढ्या आणि माणसांचे हात या तिन्ही गोष्टी कमी पडल्या असत्या. विल्सेडे लहान राहिली याचे कारण दुर्गमता नव्हे. चार घरांना जगवायला एवढी मोठी जमीन खर्ची पडत होती, हे आहे.

याचा अर्थ माझ्या सूचीतला तिसरा प्रकार चुकीचा आहे. ज्या जमिनीवर वर्षभर कुदळ, मेंढी, विळा आणि मधमाशी काम करत होती तिला पडीक कसे म्हणावे? जुन्या सरकारी जर्मन लिखाणात अशा जमिनीला ‘ओडलांड’, म्हणजे ओसाड भूमी, असे म्हटले जाई आणि मीही नकळत तेच केले. शब्द सध्या खोडला आहे. नवा शब्द सुचेपर्यंत ती जागा रिकामी ठेवते.

६ एप्रिल

मजकुराच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते की, ल्युनेबुर्ग शहरातल्या मिठागरांना इंधन पुरवण्यासाठी जंगले तोडली गेली आणि त्यातून हा माळ निर्माण झाला. ही समजूत सर्वत्र सांगितली जाते आणि ऐकायला पटणारीही आहे, कारण ल्युनेबुर्गचे मिठागर खरोखरच प्रचंड होते. ९५६ च्या एका सनदेत त्याचा उल्लेख येतो आणि ते थेट १९८० मध्ये बंद झाले. खारे पाणी उकळून मीठ काढायचे म्हणजे लाकूड हवेच. परंतु दलदलीत थरांनी साठलेल्या परागकणांच्या अभ्यासावरून असे दिसते की, इथल्या माळाची सुरुवात त्या सनदेच्या कितीतरी आधी, नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी जंगल मोकळे करायला आणि गुरे चारायला लागल्यापासून झाली. मिठागराने भर घातली असेल, पण आरंभ त्याचा नाही. तो परिच्छेद काढून टाकला.

मातीचा छेद दाखवणारे एक चित्र पुस्तिकेत घालायचे ठरवले आहे. कालुनाचा आम्लधर्मी पाला वर्षानुवर्षे कुजत राहिला की, पावसाचे पाणी वरच्या वाळूतले लोह आणि सेंद्रिय द्रव्य खाली धुऊन नेते. त्यामुळे वर राखेच्या रंगाचा फिकट थर राहतो आणि त्याखाली धुऊन आलेले द्रव्य साचून तांबूस-तपकिरी, दगडासारखा कठीण थर बनतो. अशा थरांच्या मातीला पॉडझॉल म्हणतात आणि त्या कठीण थराला ऑर्टश्टाइन. झाडाच्या मुळांना तो थर भेदता येत नाही. माळ एकदा तयार झाला की, तो आपली माती अशा रीतीने स्वतःच्या सोयीची करून घेतो.

११ मे

डाट ओले हूस या संग्रहालयाला भेट. हे नाव या भागाच्या प्लाटडॉइश बोलीतले असून त्याचा अर्थ ‘ते जुने घर’ असा सरळ आहे. दुसऱ्या गावातले जुने शेतघर उचलून इथे आणून उभारले आणि १९०७ मध्ये ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. एवढ्या लहान वाडीत इतक्या लवकर असे संग्रहालय निघाले, ही गोष्ट विल्सेडेच्या पुढच्या इतिहासाशी जोडलेली आहे. तिच्याकडे पुढे येईन.

उत्तर जर्मनीतले हे शेतघर एकाच मोठ्या छपराखाली सगळे सामावून घेते. रुंद दरवाजातून भरलेली गाडी सरळ आत येते. मधली जागा खळ्यासारखी मोकळी असते, तिच्या दोन्ही अंगांना गुरे आणि घोडे मध्याकडे तोंड करून बांधलेले असतात आणि वर माळ्यावर धान्य व चारा साठवला जातो. पलीकडच्या टोकाला उघड्या चुलीची जागा असते. तिला फ्लेट म्हणतात. घराला धुराडे नसे. धूर छपराखाली पसरत जाऊन कण्याजवळच्या भोकातून बाहेर पडे, आणि जाता जाता वर टांगलेल्या मांसाच्या मांड्या आणि सॉसेज टिकवत असे, माळ्यावरचे धान्य कोरडे ठेवत असे, शाकारणीतले किडे मारत असे. चुलीपाशी बसलेल्या बाईला एका नजरेत दारही दिसे, गोठाही दिसे आणि गडी काय करतात तेही दिसे. हिवाळ्यात जनावरांची ऊब माणसांना मिळे. धुराने त्यांच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय होत असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही. कौतुकाने लिहिताना तोही लिहायला हवा.

वाडीच्या परिसरात धान्याची वेगळी कोठारे आणि मधमाश्यांच्या पोळ्यांचे आडोसेही पाहिले. पोळे म्हणजे इथे पेंढ्याच्या वळीने विणलेली घंटेच्या आकाराची टोपली, आणि ती बाहेरून चक्क गाईच्या शेणाने सारवलेली असते. सारवणामुळे वारा आत शिरत नाही. मी तिच्याजवळ बराच वेळ उभी होते. लहानपणी आजीच्या कणग्या अशाच लिंपलेल्या पाहिल्या आहेत.

२५ मे

दुसरा नकाशा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. प्रशियाने १८६६ मध्ये हानोफर गिळंकृत केल्यानंतर त्यांच्या मोजणी खात्याने काढलेली १:२५,००० प्रमाणाची पत्रके यासाठी वापरली आणि ती उत्तम जुळली. पहिल्या दोन नकाशांमध्ये सर्वांत ठळक बदल कोणता, तर माळावर सरळ रेषा उगवल्या. आधीच्या पत्रकावर वाटा वाकड्यातिकड्या आहेत आणि माळाला हद्दीच नाहीत. नव्या पत्रकावर त्याचे पट्टे पडले आहेत आणि त्यांतल्या काहींवर जंगल आहे.

माळ पूर्वी गायरानासारखा सामाईक होता. वाडीतल्या प्रत्येक शेतवाडीला त्यावर ठराविक हक्क असत. ल्युनेबुर्ग प्रांतासाठी १८०२ मध्ये गायरान-वाटणीचा नियम झाला, १८३१ आणि १८३३ च्या कायद्यांनी कुळांना जमीनदाराच्या देण्यांतून रोख मोबदल्यावर सुटण्याची वाट मिळाली आणि पुढच्या दशकांत सामाईक माळ खासगी पट्ट्यांत विभागला गेला. ज्याचा त्याचा पट्टा झाल्यावर तो विकता येऊ लागला. त्याच सुमारास बाहेरून आयात केलेले पक्षिविष्ठेचे खत, चिलीचे नायट्रेट आणि जर्मन खाणींतले पोटॅश मिळू लागल्यामुळे ढपले कापण्याची गरज उरली नाही. ऑस्ट्रेलियातून स्वस्त लोकर येऊ लागली आणि हाइडश्नुकेच्या भरड लोकरीचा भाव कोसळला. खतासाठी नको, लोकरीसाठी नको, मग मेंढी पाळायची कशासाठी? कळप घटले, माळाचे तुकडे विकले गेले आणि सरकारने व खासगी मालकांनी तिथे पाइन लावले. ऑर्टश्टाइनचा थर फोडण्यासाठी काही ठिकाणी वाफेवर चालणारे नांगर आणले गेले.

हे सगळे त्या शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिले पाहिजे, असे मला फार वाटते. पिढ्यानपिढ्या कमरेचा काटा ढिला करणाऱ्या कामातून त्यांची सुटका झाली. शहरातले लोक नेमक्या त्याच वेळी या माळाच्या प्रेमात पडू लागले, म्हणून शेतकऱ्याने तो राखायला हवा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

८ जून

विल्सेडेचा पुढचा इतिहास एका धर्मोपदेशकाभोवती फिरतो. जवळच्या एगेस्टोर्फचे पास्टर विल्हेल्म बोडे यांनी पाहिले की, वाडीलगतची टोटेनग्रुंड ही सुंदर दरी बंगल्यांसाठी विकली जाण्याच्या बेतात आहे. म्युन्स्टरचे प्राध्यापक आंद्रेयास थॉमसेन यांनी ६,००० मार्क दिले आणि १९०६ मध्ये ती सुमारे ३० हेक्टरची दरी विकत घेऊन वाचवण्यात आली. टोटेनग्रुंड म्हणजे मृतांची दरी. विल्सेडेतली प्रेते याच वाटेने बिस्पिंगेनच्या चर्चकडे नेली जात म्हणून हे नाव पडले, असे काही सांगतात. शेतीला मेलेली जमीन म्हणून, असे दुसरे सांगतात. दोन्ही कथा पुस्तिकेत जशाच्या तशा देते.

ऑक्टोबर १९०९ मध्ये म्युनिकला फेराइन नाटुअरशुट्सपार्क ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या धर्तीवर मोठी क्षेत्रे राखावीत हा तिचा हेतू होता. बोडे यांच्या प्रयत्नाने तिने विल्सेडेभोवतीच्या माळाची निवड केली, १९१० मध्ये विल्सेडर बेर्ग खरेदी केली आणि मग एकेक शेत, एकेक पट्टा घेत गेली. १९२१ मध्ये सुमारे २०० चौरस किलोमीटरचा प्रदेश सरकारी आदेशाने संरक्षित घोषित झाला. तो जर्मनीतल्या सर्वांत जुन्या मोठ्या अभयारण्यांपैकी एक आहे. आज त्याचे क्षेत्र २३४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

या सगळ्यात एक विसंगती आहे आणि ती मला झाकायची नाही. राष्ट्रीय उद्यानाची कल्पना माणसाचा हात न लागलेल्या निसर्गासाठी होती, आणि इथे तर निसर्गाच्या नावाने जे राखले गेले ते हजारो वर्षांच्या श्रमाने घडलेले होते. नुसते कुंपण घालून माळ सोडून दिला असता तर बर्च आणि पाइन उगवून एका पिढीत त्याचे रान झाले असते. खरेदीखताने फक्त जमीन मिळाली; मेंढ्या, मेंढपाळ आणि कुदळ यांची सोय संस्थेला स्वतः करावी लागली आणि ती आजही करावी लागते.

२९ जून

तिसरा नकाशा. युद्धानंतर ब्रिटिश सैन्याने अभयारण्याच्या काही भागात रणगाड्यांचा सराव सुरू केला, आणि १९५९ च्या सोल्टाउ-ल्युनेबुर्ग कराराने त्याला कायदेशीर चौकट मिळाली. करारातल्या नकाशावर लाल रंगवलेल्या त्या जागांना लोक ‘लाल पट्टे’ म्हणत. तिथे झाडोरा उरला नाही आणि उघडी वाळू वाऱ्यावर उडू लागली. १९९४ मध्ये सराव थांबला आणि त्यानंतर त्या जमिनीवर पुन्हा कालुना रुजवण्याचे मोठे काम झाले. मुख्य पट्टे श्नेफरडिंगेनच्या बाजूला असल्याने आपल्या चौकोनाचा मजकूर इथेच आवरता घेते.

२० जुलै

आजच्या व्यवस्थापनाबद्दलची टिपणे. मेंढ्या अजूनही कणा आहेत. त्या कालुनाचे कोवळे शेंडे खुडतात, त्यामुळे झुडूप तरुण राहते. बर्चची आणि पाइनची रोपे खातात. आणि मेंढपाळ असेही सांगतात की, झुडपांवरची कोळ्यांची जाळी त्यांच्या अंगाने तुटल्यामुळे मधमाश्यांना फुले मोकळी मिळतात. बर्चसाठी कळपात काही शेळ्या सोडलेल्या असतात, कारण झाडपाल्यात त्यांचे तोंड अधिक चालते.

पण मेंढी एकटी पुरत नाही. मेंढी जे खाते त्यातले बरेचसे ती तिथेच परत टाकते. जुन्या काळी तेच रात्री मेंढवाड्यात गोळा होऊन शेतात जात असे आणि माळ गरीब राहत असे. आता भर पडली आहे ती हवेतून येणाऱ्या नायट्रोजनची. वाहनांच्या धुरातून आणि मोठ्या पशुपालनातून उठलेली संयुगे पावसाबरोबर इथे उतरतात आणि वाळूला नको असलेले खत घालतात. कस वाढला की, कालुनाऐवजी गवत जोर धरते. त्यामुळे यंत्राने झुडूप कापून न्यावे लागते, काही जागी वरचा कुजलेला थर खरवडून काढावा लागतो, काही जागी पूर्वीसारखे ढपलेच काढावे लागतात आणि हिवाळ्यात छोटे पट्टे नियंत्रित रीतीने जाळावे लागतात. थर खरवडण्याच्या या पद्धतीला शॉपर्न म्हणतात. हात न लावता कालुना म्हातारी होते, मधोमध फाकते आणि तीसचाळीस वर्षांत मरते. २०१८ च्या अवर्षणात मोठ्या पट्ट्यांवर ती वाळून गेली, तेव्हा जिथे झुडूप जुने होते तिथे नुकसान अधिक डोळ्यांत भरले.

जे काम एकेकाळी पोटासाठी होते तेच आता पगारी माणसे आणि यंत्रे माळासाठी करतात.

१७ ऑगस्ट

फुलोऱ्यातली पाहणी. इथे म्हण आहे की, माळ आठव्या महिन्याच्या आठ तारखेपासून नवव्या महिन्याच्या नऊपर्यंत फुलतो, आणि आजचा दिवस त्या हिशेबाने ऐन भरातला होता. टोटेनग्रुंडच्या काठावरून खाली पाहिले. दरीचा सगळा उतार जांभळा, त्यात जुनिपरचे उभे हिरवे फटकारे, आणि खाली एका बाजूला करडा कळप इतका सावकाश सरकत होता की, तो हलतो आहे हे समजायला वेळ लागला. मधाचा वास हवेत होता. पेंढ्याच्या टोपल्यांतली मधमाश्यांची पोळी घेऊन पूर्वी मधपाळ या महिनाभरासाठी दुरून मुक्कामाला येत. आजही आडोशांत पेट्या मांडलेल्या दिसतात आणि इथला मध घट्ट, लालसर आणि किंचित कडवट असतो.

वाडीत मोठी गर्दी होती. घोडागाड्या एकामागून एक येत होत्या. गर्दीत मराठी बोलणारे एक कुटुंब भेटले. त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या, “अगं, हे सगळं आपोआप उगवलंय का कुणी लावलंय?” मी त्यांना म्हटले, “आजी, लावलेलं नाही, पण राखलेलं आहे,” आणि मग उभ्या उभ्याच ढपल्यांची आणि शेणाने सारवलेल्या पोळ्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी शेणाच्या गोष्टीवर मान डोलावली आणि मेंढवाडा कुठे आहे ते विचारून तिकडे चालू लागल्या. त्यांचा प्रश्न पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घ्यायचा आहे. त्यांची परवानगी तिथेच घेतली.

७ सप्टेंबर

चारही नकाशे अंतिम केले. शेजारी ठेवून पाहिले असता वाडी जवळजवळ जागची हललेली नाही. घरांचा पुंजका, ओकची झाडी आणि तिला लागून असलेली छोटी शेते चारही पानांवर ओळखू येतात. बदलत गेला तो भोवतालचा माळ. पहिल्या पानावर तो कडेपर्यंत भरलेला आहे, दुसऱ्यावर त्यात पट्टे पडले आहेत, तिसऱ्यावर जंगल चारी बाजूंनी आत सरकले आहे आणि चौथ्यावर तो टेकडीभोवती आणि दऱ्यांमध्ये राखून ठेवलेला दिसतो.

सूचीतली रिकामी जागा भरली. पहिल्या नकाशावर त्या रंगापुढे ‘ढपल्यांचा आणि चराईचा माळ’ असे लिहिले आहे, चौथ्यावर ‘राखलेला माळ’ असे लिहिले आहे. रंग दोन्हीकडे एकच ठेवला असून शेतीच्या पिवळ्या रंगाच्या जवळची, किंचित तांबूस छटा निवडली आहे. मुद्रकाने पहिल्या चाचणी-प्रतीत ती छटा फार जांभळी काढली होती, ती परत पाठवून बदलून मागितली. कडेच्या चुकीची टीप पहिल्या नकाशाखाली घातली आहे. मातीच्या छेदाचे चित्र अजून यायचे आहे. ते आले की, पाने जोडून छपाईला द्यायची.